हातचा

राज्याने यादी छापली त्या मंगळवारी
आमचं रुग्णालय तळापासून तिसरं होतं.

पेन्सिल्व्हेनियातलं गाव. खाणी बंद, चर्च चार,
रुग्णालय एक, आणि त्याच्या तळघरात
नोंदींच्या खोलीत मी, आयरीना सेडलाक,
बावीस वर्षं गेलेल्यांची बेरीज करणारी.
आजवर ती बेरीज कपाटात जायची.
कपाटाला किल्ली होती.
झाकली मूठ होती.

उघडली, तर निघालं काय?
उघडलेल्या दर शंभर छातींमागे सात मृत्यू.
सलाइनच्या नळीतून रक्तात जंतू गेलेले: अकरा.
डायनरमध्ये कॉफी ओतता ओतता
वांडा म्हणाली, "अकरा?"
एवढंच.
माझा कप अर्धाच भरला.

वरच्या मजल्यावर बैठक झाली. डॉक्टर व्हिटकोम्ब म्हणाले,
आपल्याकडचे रोगी फुप्फुसात कोळसा घेऊन येतात,
तो कोळसा कुठल्या रकान्यात धरलाय?
ते खोटं नव्हतं. पुरेसंही नव्हतं.
मागच्या खुर्चीवरून डोलोरेस ह्रुस्का उठली,
रात्रपाळीची सिस्टर. म्हणाली,
"कोळशाचं राहू दे. चौथ्या मजल्यावर
साबण नाहीये. तीन आठवडे झाले."

साबण आला. मग पाच ओळींची एक चिठ्ठी,
नळी घालण्याआधी मोठ्याने वाचायची.
मग डोलोरेसला मिळाला अधिकार
सर्जनचा हात हवेतच थांबवायचा.
पहिल्यांदा थांबवला तेव्हा
भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं म्हणतात.
अकराचे सहा झाले. सहाचे दोन.
पुढल्या वर्षी एकही नाही,
आणि मी ते शून्य तीनदा तपासलं,
कारण शून्याची मला सवय नव्हती.
वांडाने ॲपल पायचा तुकडा पुढे सरकवला,
पैसे घेतले नाहीत.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं.

पण छातींचा आकडाही उतरत होता,
सातावरून चार, चारावरून दोन,
आणि साबणाने हृदयाच्या झडपा
दुरुस्त होत नाहीत, एवढं मला कळतं.
मी फायली काढल्या.
शस्त्रक्रिया झालेल्यांच्या नव्हे,
न झालेल्यांच्या.

स्टॅनली बाबियाक, वय एकोणऐंशी,
त्यातली एकतीस वर्षं जमिनीखाली.
शेरा: जोखीम फार, पिट्सबर्गला पाठवावे.
बर्फात पिट्सबर्ग तीन तास.
तो पिट्सबर्गला गेला नाही.
मार्चमध्ये गेला, स्वयंपाकघरात, बुटाची नाडी बांधताना.
म्हणजे आमच्याकडे मेला नाही.
म्हणजे कुठल्याच कागदावर मेला नाही.

शाळेत मिसेस ओरावेत्झ बजावायच्या,
हातचा विसरू नका. डोक्यावर लिहा, बारीक,
पुढच्या घरात मिळवा.
असे नऊ हातचे होते त्या फायलींत.
कुणीच मिळवले नव्हते.
मीही नाही, दोन वर्षं.

टाइप करायला धीर झाला नाही, हातानेच लिहिलं.
लिफ्टशेजारच्या फलकावर, त्या देखण्या दोनाखाली,
टाचणीने लावलं:
ज्यांना आम्ही नाही म्हटलं, नऊ.

दुपारी व्हिटकोम्ब तळघरात उतरले.
"हे तुला कुणी विचारलं होतं?"
मी म्हटलं, अकराही कुणी विचारले नव्हते.
ते फायलींकडे बघत राहिले.
सगळ्यांवर त्यांचंच अक्षर.
कागद काढ म्हणाले नाहीत.
राहू दे असंही म्हणाले नाहीत.

रविवारी ओल्गा बाबियाक आली, बहिणीला भेटायला.
लिफ्ट आली, गेली, पुन्हा आली.
तिने पिशवीतून चष्मा काढला,
हातमोजा काढला,
आणि बोट त्या नवावर ठेवलं.
"ह्यात आहे का तो?"
आहे, मी म्हटलं.
तिने मान हलवली. बोट तिथेच होतं.

"कितवा?"